ग्रंथोत्सवाची दवंडी मोबाइलवरून

प्रश्न : ताई, आमचं तालुक्याच्या गावचं ‘ब’ वर्गाचं वाचनालय. दर जानेवारीत तीन दिवसांचा ग्रंथोत्सव करतो. पत्रिका छापतो, रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवतो, तरी खुर्च्यांवर दरवर्षी तेच पंचवीस-तीस चेहरे. यंदा तरुण मंडळी म्हणतात, पॉडकास्ट करू, इन्स्टाग्रामवर टाकू. अध्यक्षांच्या मते हा पोरखेळ आहे. खरंच उपयोग होतो का? 
– एक कार्यवाह, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : कार्यवाहसाहेब, अध्यक्षांवर रागावू नका. आमचा पहिला प्रयत्न पोरखेळच होता, आणि त्यातलं पोर म्हणजे मी, वय वर्षे 54. सातारा जिल्ह्यातल्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते, तिथं आम्ही पहिला भाग केला तो स्वागताध्यक्षांच्या मनोगताचा. बावीस मिनिटं. मागे पंख्याची खरखर, आणि ऐन रंगात आलेलं असताना वाचनकक्षातल्या एका आजोबांचा आवाज : “आजचा पेपर कुणी दाबून ठेवलाय?” ज्यांनी ऐकला त्यांना त्यातलं तेवढंच आठवतं.

दुसरा भाग ठरवून केलाच नव्हता. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आमचे सभासद. एकच प्रवासवर्णन दर दोन-तीन वर्षांनी परत न्यायचे. देवघेवीच्या टेबलाशी मी सहज विचारलं, का हो? तर म्हणाले, मुक्कामी गाडी असली की गाडीतल्या दिव्याखाली हे वाचायचो, आता घरात झोप आली नाही की वाचतो. मोबाइल पुढे केला आणि म्हटलं, हेच पुन्हा सांगा. चार मिनिटांचा तुकडा झाला. तो गावातल्या ग्रुपांवर फिरत फिरत डेपोपर्यंत पोचला. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी डेपोतली माणसं खाकी कपड्यांतच आली, कारण व्यासपीठावर पाहुण्यांची ओळख करून देणार होते आमचे कंडक्टर. पाहुणे लेखक नामवंत होते, पण गर्दी त्यांच्यासाठी नव्हती, हे त्यांनीही हसत कबूल केलं.

म्हणून सांगते, तारीख-वेळ-स्थळ सांगायला भोंगा पुरेसा आहे, आणि ते काम तो चांगलं करतो. पॉडकास्टवर तेच वाचून दाखवायचं असेल तर तसदी घेऊ नका. ज्या माणसाला भेटायला लोकांनी यावं, त्याचा आवाज आधी त्यांच्या कानावर घाला.

मोठी ग्रंथालयंही हेच करतात. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा राष्ट्रीय ग्रंथमहोत्सव 2001च्या सप्टेंबरात सुरू झाला. ग्रंथालयाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स बिलिंग्टन आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश, ज्या स्वतः शाळेत ग्रंथपाल होत्या, यांचा तो उपक्रम. (शेवटचा तपशील मी मुद्दाम सांगते, आमच्या व्यवसायाला कुणी विचारत नाही म्हणून.) या उत्सवात येणाऱ्या लेखकांच्या छोट्या मुलाखती ग्रंथालयानं पॉडकास्ट म्हणून दिल्या. उत्सवातल्या व्याख्यानांची चित्रणंही संकेतस्थळावर ठेवली जातात. 2020मध्ये कोरोनामुळे मंडप नव्हताच, तर त्या वर्षी सगळा उत्सव ऑनलाइन झाला. आपल्याकडे एवढा पैसा नाही हे खरं, पण मुलाखत घेण्याची युक्ती फुकट आहे.

आता कामाचं. ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. दोन कपाटांच्या मधल्या बोळात बसा. भरगच्च पुस्तकं आवाज शोषून घेतात, घुमत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. भाग पाच-सहा मिनिटांचा ठेवा. जानेवारीचा उत्सव असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून आठवड्याला एक. आणि तुमच्याकडची माणसं मालवणीत बोलली तर बोलू द्या, प्रमाण भाषेची इस्त्री फिरवायला जाऊ नका.

भाग चढवायला फुकट सोयी आहेत, स्पॉटिफाय, यूट्यूब वगैरे. पण गावात ऐकलं जातं ते व्हॉट्सॲपवरच. तिथं एक मेख आहे. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच मिळतो. आम्हाला हे कळायला एक अख्खा उत्सव जावा लागला. तेव्हा वर्गणी भरायला सभासद आला की पावतीबरोबर त्याच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर साठवून घ्या, तिथल्या तिथं. इन्स्टाग्राम पोरांवर सोपवा आणि अध्यक्षांना ते दाखवू नका.

मूळ फाइल मात्र वाचनालयाच्या हार्डडिस्कवर हवीच. गुगल पॉडकास्ट 2024मध्ये बंद झालं. उद्या आणखी काही होईल. आम्ही तर नव्या पुस्तकाला देतात तसा प्रत्येक भागाला दाखल क्रमांक देऊन नोंदवहीत घेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हे पुस्तक कुठल्या कपाटात?” असो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या ग्रंथप्रदर्शनाआधी मी जुन्या मराठी पुस्तकांतले उतारे वाचून पॉडकास्टवर टाकायचं म्हणते. परवानगी लागते का? 
– एक वाचक, इंदूर

उत्तर : लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे किंवा त्यांनी दिले असतील तर प्रकाशकाकडे असतात, आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011पासून खुलं आहे. ते बिनधास्त वाचा. अनुवाद असेल तर अनुवादकाचीही तारीख बघावी लागते, मूळ लेखक कितीही जुना असो. सभेत छोटा उतारा मोठ्यानं वाचायला कायद्याची हरकत नाही, पण ध्वनिमुद्रण करून सगळ्यांसाठी ठेवणं ही निराळी गोष्ट. त्यासाठी प्रकाशकाला पत्र टाका : कुठलं पुस्तक, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, आणि हे विनामूल्य आहे असं स्पष्ट लिहून. मला एकदा परवानगीबरोबर प्रदर्शनासाठी पुस्तकांचा गठ्ठाही आला होता, टपालखर्च त्यांचाच.