वेश्याव्यवसायात अटक झालेल्या बायकांना तुरुंगाऐवजी समुपदेशनाला पाठवणारी अमेरिकन कोर्टं खरंच उपयोगी आहेत का? तसं काही आपल्याकडे आणावं का?

मी न्यूयॉर्कपुरतंच बोलते, कारण क्वीन्समध्ये बचाव पक्षाच्या वकिलांसोबत काम करताना ही कोर्टं जवळून पाहिली आहेत.

सप्टेंबर २०१३ मध्ये राज्याचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी राज्यभर अशी ११ कोर्टं जाहीर केली. अटक झालेल्या बाईकडे गुन्हेगार म्हणून न बघता मानवी तस्करीची संभाव्य बळी म्हणून बघायचं, ही त्यामागची भूमिका. साधारण पाच-सहा बैठका पूर्ण करायच्या आणि पुढचे सहा महिने पुन्हा अटक होऊ द्यायची नाही. मग खटला रद्द होतो आणि कागदपत्रं सीलबंद होतात. गुन्हा कबूल करावा लागत नाही. बैठका घेणाऱ्या बहुतेकजणी मनापासून काम करायच्या. काहींना तिथेच पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत बोलणारी समुपदेशक आणि इमिग्रेशनचा फुकट वकील मिळाला. हे मोलाचं आहेच.

पण हे सगळं मिळायला आधी हातात बेड्या पडाव्या लागतात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

क्वीन्समध्ये यायच्या त्यात फ्लशिंगच्या मसाज पार्लरमधल्या चिनी, कोरियन बायका खूप. अटकेत बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते केंद्रीय यंत्रणेकडे जातात. खटला रद्द झाला तरी नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाला ‘हो’ असंच लिहावं लागतं. त्यात अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात मागच्या दहा वर्षांत वेश्याव्यवसाय केला असणं हेच प्रवेश नाकारायला पुरेसं कारण आहे, शिक्षा झालेली असो वा नसो. म्हणजे राज्याचं कोर्ट पुसून टाकतं, पण केंद्राच्या लेखी राहतं. जून २०१७ मध्ये तर इमिग्रेशनचे अधिकारी क्वीन्सच्या याच कोर्टात बायकांना पकडायला आले होते. मदतीसाठी बोलावलेल्या जागेवर त्यानंतर कोण विश्वास ठेवेल? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लशिंगमध्ये पोलिसांची धाड पडली तेव्हा एक चिनी बाई इमारतीवरून खाली पडून मेली.

पुढे वारं बदललं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘वेश्याव्यवसायाच्या हेतूने रेंगाळणं’ हा गुन्हाच रद्द झाला. नुसत्या कपड्यांवरून, चालण्यावरून ट्रान्स बायकांना उचलायला हे कलम वापरलं जायचं. एप्रिलमध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी वेश्याव्यवसायाचे खटले चालवणंच थांबवलं, पण समुपदेशनाची सोय ऐच्छिक म्हणून चालू ठेवली. मला हाच मार्ग पटतो.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे याचा चुलतभाऊ आहेच: अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७. ‘सुटका’ केलेल्या बाईला मॅजिस्ट्रेट एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. न्यूयॉर्कमध्ये निदान बाई रात्री घरी तरी जायची. मालाडमध्ये सोडवलेल्या तीन सज्ञान तरुणींना असंच ठेवलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला कुठे राहायचं ते ठरवायचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी स्पष्ट म्हटलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुधारगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचा विचार करायला राज्यांना सांगितलं.

त्यामुळे नवं कोर्ट आणू नका. समुपदेशक, वकील, भाषा जाणणारी माणसं जरूर आणा, पण ती वस्तीतल्या दवाखान्यात बसवा. तिथे बाई स्वतःच्या पायांनी येईल आणि नको वाटलं तर उठून जाईल.