संगीत ऐकून मन का भरून येते?

गाणे ऐकून पोट भरत नाही की पदरात काही पडत नाही, तरी मन का भरून येते, आणि आपल्या भावाला मात्र कोणतेच गाणे का भावत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या आनंदाचे मूळ सुरांच्या गोडव्यापेक्षा वाट पाहण्यात अधिक आहे. संगीत आपल्याला पुढच्या स्वराची अपेक्षा करायला लावते, ती लांबवते आणि योग्य क्षणी पुरी करते.

यमन रागाचेच पाहा. आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, गायक बहुधा षड्ज (सा) वगळून मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावरून (नी) थेट ऋषभ-गांधाराकडे (रे-ग) जातो. तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजत असूनही गळ्यातून तो सहजासहजी मिळत नाही. पुढे बढत करत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार करत, गायक मध्य सप्तकाच्या निषादावर येऊन रेंगाळतो, तेव्हा वरचा षड्ज जेमतेम अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतो, आणि आता तो लागणारच असे वाटत असताना गायक पुन्हा धैवत, पंचम, तीव्र मध्यम असा खाली उतरून हुलकावणी देतो. असे दोन-तीनदा झाल्यावर तार षड्ज लागतो, गळा आणि तंबोरा एक होतात, अंगावर काटा येतो आणि श्रोत्यांतून ‘वा!’ निघते. तबल्यातल्या तिहाईची जातकुळीही हीच. एकच बोल तीनदा येणार आणि शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणार हे ठाऊक असते, तरीही सम गाठेपर्यंत श्वास रोखलेलाच राहतो.

संगीताची भावना अशा लांबवलेल्या अपेक्षेतून जन्मते, हा विचार लेनर्ड मायर या अमेरिकी संगीतशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सविस्तर मांडला होता. पुढे २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी श्रोत्यांना त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवून मेंदूचे चित्रण केले, तेव्हा उत्कट क्षणाच्या आधी, म्हणजे तो येण्याची चाहूल लागताच, कॉडेट नावाच्या भागात डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन स्रवताना आढळले आणि प्रत्यक्ष तो क्षण आल्यावर न्यूक्लियस अक्युम्बन्स या दुसऱ्या भागात. वर्तमानपत्रे डोपामिनला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचा संबंध हवेसे वाटण्याशी आणि अंदाज बांधून शिकण्याशीही तितकाच आहे. तरीही २०१९ च्या एका प्रयोगाने त्याचा या आनंदातला वाटा बऱ्यापैकी पक्का केला. डोपामिन वाढवणारे लेवोडोपा घेतल्यावर श्रोत्यांना संगीतातून अधिक सुख मिळाले आणि त्याचा परिणाम रोखणारे रिस्पेरिडोन घेतल्यावर कमी.

अपेक्षा बांधता येण्यासाठी कानावर आधी काही संस्कार व्हावे लागतात, म्हणूनच अनोळखी परंपरेचे संगीत पहिल्यांदा ऐकताना पुष्कळदा सपाट वाटते. याउलट शंभरदा ऐकलेली बंदिशही कंटाळवाणी होत नाही, कारण सम कुठे आहे हे माहीत असले तरी आजचा गायक तिथे कोणत्या वाटेने पोहोचेल हे माहीत नसते. ध्वनिमुद्रणात तेवढेही अनिश्चित नसते; तिथे ठरलेली जागा जवळ येत असल्याची चाहूलच सुख देते.

उदास गाण्याने बरे वाटते, हे वरवर विसंगत भासते. नाट्यशास्त्राने शोक या स्थायीभावापासून, म्हणजे मनात मुळातच वसणाऱ्या भावापासून, करुण रस निष्पन्न होतो असे सांगितले, आणि त्याचा काश्मिरी भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादात भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ न राहता सर्वसाधारण होतो असे विवरण केले. मला आजही हेच उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते. गाण्यातल्या दुःखाला निस्तरावे लागत नाही, त्याचे कर्ज फेडावे लागत नाही, त्यामुळे ते जवळून अनुभवता येते.

आता आपल्या भावाविषयी. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे लोक अभ्यासले की ज्यांना गाणे आनंदी आहे की दुःखी हे नीट ओळखता येत होते, पैसे जिंकल्यावर इतरांसारखाच आनंदही होत होता, पण संगीताने त्यांच्या हृदयाचे ठोके वा त्वचेची विद्युतवाहकता फारशी बदलत नव्हती. नंतरच्या चित्रणात अशांच्या मेंदूतील श्रवणाचे केंद्र आणि सुखाचे केंद्र यांच्यातील देवाणघेवाण संगीत ऐकताना कमी असल्याचे दिसले. आपले बंधू त्यांच्यापैकी आहेत की नाहीत, हे इथून सांगता येणार नाही. पण असतील, तर त्यांना अरसिक म्हणून हिणवू नये आणि मैफलीला बळेच नेऊ नये.