ग्रामीण भागातील गरीब मुलांना मजुरीपासून दूर ठेवून शाळेत कसे टिकवता येईल?
केवळ कायद्याने बंदी घातली म्हणून मूल शाळेत टिकत नाही, कारण हंगामात त्याच्या मजुरीवर घरचा काही खर्च भागत असतो आणि ते शाळेत गेले की ती मिळकत बुडते. ही तूट भरून काढण्यासाठी मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत मुलांची हजेरी नियमित असल्यास आईच्या हाती रोख रक्कम दिली जात असे. वरच्या इयत्तांसाठी, आणि माध्यमिक स्तरावर मुलींसाठी, ती अधिक असे. गळती तिथेच वाढते, म्हणून मला ही रचना फार योग्य वाटते. शाळेतील जेवणाचाही उपयोग होतोच. मात्र शाळा सुटलेल्या मुलाला थेट वयानुरूप वर्गात बसवले, तर न समजणाऱ्या धड्यांपुढे ओशाळून ते पुन्हा कामावर जाते. त्याला आधी काही महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागे राहिलेला अभ्यास भरून काढणारे शिक्षण, मिळायलाच हवा.