नव्या अभियांत्रिकी अध्यापकास

नीतिमत्ता आणि शाश्वतता यांसाठी वेगळा तास मागण्याआधी आपल्या नेहमीच्या विषयातच त्यांना जागा आहे का, हे तुम्ही पाहावे, असे मी सुचवेन. १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलातील टांगते मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा मार्ग एकाच अखंड पोलादी गजांवर तोलले जाणार होते. बांधणीच्या सोयीसाठी त्या गजांचे दोन भाग केले गेले, खालचा मार्ग वरच्याच्या तुळयांना लटकला आणि तेथील जोडांवरचा भार दुप्पट झाला. विद्यार्थ्यांना आधी फ्री बॉडी डायग्राम (एखाद्या भागावर लागणारी सर्व बले दाखवणारी आकृती) काढून हा दुप्पट भार स्वतः शोधू द्यावा, आणि मगच विचारावे की बदलाला मंजुरी देणाऱ्याने कोणते गणित करायला हवे होते. समतोलाची समीकरणे येत नसतील, तर या प्रश्नाचे उत्तर केवळ भावनिक राहते. सिद्धान्ताला कात्री लावून मूल्ये शिकवणे मला तर थोडे अप्रामाणिकच वाटते.

शाश्वततेचेही तसेच. सिमेंट तयार करताना तापवलेल्या चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे भट्टीचे इंधन बदलले तरी निम्म्याहून अधिक उत्सर्जन उरते, हे रासायनिक समीकरण मांडल्यावरच पटते. तुळईच्या संकल्पनाच्या (डिझाइनच्या) उदाहरणात काँक्रीटचे घनफळ कमी करण्याची अट घाला, मात्र सुरक्षा गुणक, म्हणजे अपेक्षित भाराच्या किती पट ताकद ठेवायची ते प्रमाण, न घटवता. गुण देताना उत्तराइतकेच गृहीतकांच्या समर्थनालाही महत्त्व द्या. तपासणीला दुप्पट वेळ लागेल, याची तयारी ठेवा.