'झ्नाम्या त्रुदा' : श्रमाचा ध्वज की बावटा?

प्रश्न असा आहे : रशियातल्या ओरेखोवो-झुयेवो इथल्या फुटबॉल क्लबाचं नाव 'झनम्या ट्रुडा' असं वाचलं. उच्चार हाच का, आणि मराठीत अर्थ काय सांगावा?

'ट्रुडा' इंग्रजी स्पेलिंगवरून आलं आहे. रशियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, म्हणून 'त्रुदा' लिहावं. पहिला शब्द 'झ्नाम्या'. त्यातला झ 'झार'मधला. 'त्रूद' म्हणजे श्रम आणि 'त्रुदा' ही त्याची षष्ठी : श्रमाचा, श्रमाची.

'झ्नाम्या' म्हणजे ध्वज, पण शब्दाच्या मुळाशी 'झ्नात्', म्हणजे जाणणे, हा धातू आहे. आपला 'जाणणे' आणि संस्कृत 'ज्ञा' त्याचेच सख्खे. ज्यावरून ओळख पटते ते झ्नाम्या. शेवटचा 'म्या'देखील ओळखीचा आहे : 'नामन्'मधला मन् प्रत्यय तोच, आणि रशियनमध्ये नावाला 'इम्या' म्हणतात. या अर्थाने 'निशाण' अगदी जवळचं, कारण तेही आधी खूण आणि मग झेंडा.

तरी माझं मत 'बावटा' या शब्दाला आहे, आणि त्याचं कारण क्लबाच्या इतिहासात आहे. मॉस्कोच्या पूर्वेला क्ल्याझ्मा नदीकाठचं हे शहर कापडगिरण्यांचं. मोरोझोव घराण्याच्या इथल्या गिरणीत १८८५ साली झालेला संप रशियाच्या कामगार चळवळीत आजही सांगितला जातो. लँकेशायरहून गिरणीत नोकरीला आलेल्या चार्नॉक बंधूंनी इथे फुटबॉल रुजवला. १९०९ साली क्लब उभा राहिला आणि १९१० ते १९१३ असं सलग चार वर्षं त्याने मॉस्कोचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा लोक या संघाला 'मोरोझोवत्सी' म्हणत, म्हणजे मोरोझोवची माणसं. क्रांतीनंतर मालक गेले, गिरण्या राहिल्या, आणि पुढे कधी ना कधी मालकाच्या नावाच्या जागी श्रमाचं नाव येणारच होतं.

त्याच नावाने हा खालच्या श्रेणीतला संघ १९६२ साली सोविएत चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर दोनेत्स्कचा 'शाख्त्योर', म्हणजे खाणकामगार! गिरणीवाले ०-२ असे हरले, पण एवढी मजल त्यांना पुन्हा मारता आली नाही, म्हणून तो सामना विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

गिरणी आणि झेंडा एकत्र आले की मराठीत 'बावटा'च येतो. १९२८ सालच्या मुंबईच्या गिरणी कामगार युनियनची ओळखच 'लाल बावटा' होती. 'ध्वज' म्हटलं की राष्ट्रध्वज डोळ्यांपुढे येतो, 'झेंडा' कुणाचाही असतो. तेव्हा लेखात नाव 'झ्नाम्या त्रुदा' असंच ठेवावं आणि अर्थ एकदाच, 'श्रमाचा बावटा' असा द्यावा. विभक्ती लावताना 'झ्नाम्या त्रुदाचा', 'झ्नाम्या त्रुदाने' चालेल. रशियन षष्ठी मराठीत मोजायची गरज नाही.