छतातील दिव्यांचा खर्च आणि एफडी नसलेली ‘एफडी’

बेळगावच्या टिळकवाडीतील एका वाचकाने विचारले आहे, की हॉल आणि दोन खोल्यांत पीओपीचे फॉल्स सीलिंग करून त्यात चोवीस डाऊनलाइट बसवण्यास १ लाख ८० हजार रुपये लागणार असून, त्यासाठी १३ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घ्यावे आणि पुढील वर्षी बँकेतील एफडी सुटली की ते फेडावे, हे योग्य ठरेल का? वय ४१, उद्यमबागेतील फाउंड्रीत नोकरी, हाती येणारा पगार ४८ हजार, गृहकर्ज १४ लाख बाकी आणि शाळेत जाणारी दोन मुले, असा त्यांचा संसार आहे.

तीन वर्षांच्या मुदतीत हप्ता सहा हजारांच्या आसपास बसेल आणि व्याजापोटी ३८ हजार जातील. हे कर्ज घेऊ नये.

मात्र ज्या एफडीच्या भरवशावर आपण हा बेत आखला, तिचा कागद आपणच पत्रासोबत जोडला आहे आणि तो विमा पॉलिसीचा आहे. दरवर्षी लाखाचा हप्ता मागते ती एफडी नसते. आपण दोन हप्ते भरले आहेत, आणखी आठ भरायचे आहेत आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर हाती साधारण १५ लाख येतील, म्हणजे परतावा जेमतेम चार टक्के. ‘तीन वर्षांत सुटते’ हे बँकेच्या काउंटरवर सांगितले गेले असेल; कागदावर त्याचा मागमूसही नाही. विमा संरक्षण १० लाखांचे, म्हणजे उद्या आपले काही बरेवाईट झाले तर गृहकर्जसुद्धा फिटणार नाही, आणि दुसरा विमा आपल्याकडे नाही.

तिसरा हप्ता पुढील महिन्यात आहे. वार्षिक हप्त्याला मिळणाऱ्या ३० दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आताच मोडल्यास परत मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागवा. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केल्यास भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के, म्हणजे ६० हजार परत मिळावेत; नुकसान १ लाख ४० हजारांपर्यंत होईल आणि ते झोंबेल. तरीही ते ६० हजार पीपीएफमध्ये टाकले आणि पुढील आठ वर्षे त्या लाखातून १५ हजारांत ७५ लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) घेऊन उरलेले ८५ हजारही तिथेच भरले, तर आजच्या ७.१ टक्के दराने त्याच सुमारास साडेचौदा लाख जमतात. टर्मचा हप्ता त्यानंतरही चालू ठेवावा लागेल. जमा जवळपास तेवढीच आणि संरक्षण साडेसातपट. टर्म विमा हाती आल्याशिवाय मात्र जुनी पॉलिसी सोडू नका.

दिशाभूल करून पॉलिसी विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनीकडे करा. तिची प्रत बँकेला द्या. आपण मराठीत सही केली असेल आणि अर्ज इंग्रजीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे निवेदन त्या अर्जात असायला हवे. ते आहे का आणि त्याखाली कोणाची सही आहे, हे पाहा. सीमाभागात ही सही बहुधा न वाचताच केली जाते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांच्या बेंगळुरू कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.

राहिले दिवे. बारा वॅटचे चोवीस दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. जुन्या ट्यूब काढल्याने थोडी वजावट होईल, पण गृहज्योती या राज्य सरकारच्या मोफत वीज योजनेत आपल्याला ठरलेल्या युनिटांपलीकडचे बिल वीज कंपनी हेस्कॉम आकारते आणि महिन्याचा वापर २०० युनिटांवर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. बेळगावच्या पावसात स्लॅब पाझरत असेल, तर वॉटरप्रूफिंगआधी पीओपी करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. फार हौस असेल तर फक्त हॉलमध्ये, दिवाळीच्या बोनसमधून, फॉल्स सीलिंगशिवाय छतावर बसणारे सहा-आठ एलईडी दिवे लावा.