कोळसा खाणीचा माती-दगडांचा डंप घसरण्याच्या बेतात आहे का, हे पाहणीत कसं ओळखायचं?

माथ्यावर कडेला समांतर भेगा आणि पायथ्याशी फुगवटा, ही दोन्ही एकत्र दिसली तर डंप सरकतोय असंच धरा आणि खालची माणसं-यंत्रं लगेच हलवा. बहुतेक घसरणींच्या मुळाशी पाणी असतं. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड सुटते. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला १९६६ साली झऱ्यावर रचलेला ढिगारा पावसानंतर खाली आला आणि १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं होती. म्हणून पाहणी जोरदार पावसानंतर हमखास करा.

- भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका, मधलं अंतर टेपनं मोजा, तारीख-वेळेसह लिहा. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती रोज किती वेगानं वाढतेय, हे जास्त महत्त्वाचं.
- पायथ्याचा झिरपा बाटलीत भरून उजेडात धरा. पाणी गढूळ असेल तर आतले बारीक कण वाहून जातायत. नेहमीचा झिरपा अचानक आटला तरी सावध व्हा, पाणी आत तुंबलेलं असू शकतं.
- गटारं गाळानं भरलीत का, टप्प्यांवर पाणी साचलंय का?
- वाफ, धूर किंवा गंधकाचा वास आला तर तिथे पाऊल टाकू नका; आत कोळसा जळून पोकळी झालेली असू शकते.

मात्र पायाखालचा चिकणमातीचा कच्चा थर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) आणि भूतंत्रज्ञाची उतार-तपासणी लागतेच.